बीपी, गाऊट, किडनी आणि बॅटरीचं दुकान

बीपीची फाइल घेऊन डॉक्टरकडे गेलं की प्रश्न ठरलेले असतात. मीठ किती खाता, तंबाखू आहे का, आईवडिलांना होतं का, झोप लागते का, टेन्शन आहे का. काम काय करता हे विचारलं तरी फाइलवर "बिझनेस" नाहीतर "रिटायर्ड" एवढंच उतरतं. माझ्या मामाच्या फाइलवर कित्येक वर्षं "दुकानदार" असं लिहिलेलं होतं, दुकान कशाचं ते कुठंच नाही.

दुकान बॅटरीचं होतं. तालुक्याच्या गावी, एसटी स्टँडच्या मागच्या बोळात. ट्रॅक्टर, ट्रक, जीप, सगळ्यांच्या बॅटऱ्या यायच्या. आता बॅटरी गेली की जुनी द्यायची आणि वर पैसे घालून नवीन घ्यायची, पण तेव्हा बॅटरी रिपेअर व्हायची म्हणजे अक्षरशः खोलली जायची. वरचं डांबर तापवून काढायचं, सेल बाहेर ओढायचे, गेलेल्या प्लेटा बदलायच्या, शिसं वितळवून प्लेटांच्या कानांना पट्टी जोडायची, टर्मिनल नवीन ओतायचे, मग परत डांबर, परत ॲसिड आणि चार्जिंगला लावून मोकळं. शिसं वितळवायला एक लोखंडी कढई होती, वर जमणारा मळ पळीनं काढून कोपऱ्यात टाकायचा, आणि जुन्या प्लेटांची करडी-तपकिरी पावडर तर जमिनीवर, टेबलावर, हातांवर, सगळीकडेच असायची. ती झाडूनं झाडायचे. कोरडीच. तिथंच डबा खायचे, तिथंच चहा. संध्याकाळी त्याच कपड्यांत घरी यायचा आणि मामी ते कपडे पोरांच्या युनिफॉर्मबरोबर एकाच बादलीत भिजवायची. कोणाला काय माहीत होतं त्यात काय आहे ते. नंतर २००५ च्या आगेमागे भारनियमन जोरात सुरू झालं, गावाकडं दिवसातले कित्येक तास लाइट नसायची, घरोघरी इन्व्हर्टर आले आणि दुकान आणखीनच चाललं.

मामाला बीपी चाळिशीच्या आतच लागलं. घरात कोणाला नव्हतं, दारूला त्यानं कधी हात लावला नाही, वजन बेताचं. मग पायाचा अंगठा सुजून लाल व्हायला लागला, रात्री चादरीचा स्पर्श सहन व्हायचा नाही, युरिक ॲसिड वाढलंय म्हणून डाळी बंद, मटण बंद. मग काही वर्षांनी क्रिएटिनिन, म्हणजे किडनी किती बिघडलीय ते सांगणारा रक्तातला आकडा, वर गेलं. बीपी एका डॉक्टरांकडे, गाऊट दुसऱ्यांकडे, किडनी तिसऱ्यांकडे, आणि तिघांनीही आपापल्या परीनं नीटच औषध दिलं, माझी त्यांच्याबद्दल तक्रार नाही. मग मोठ्या गावातल्या एका तरुण नेफ्रॉलॉजिस्ट म्हणजे किडनीच्या डॉक्टर बाईंनी विचारलं, "काका, दुकान कसलं होतं?" मामानं सांगितलं. त्या थांबल्या, परत विचारलं, बॅटरी नुसत्या विकायचात की खोलायचात? आणि मग रक्तातलं शिसं तपासायला लिहून दिलं. तोपर्यंत दुकान बंद करून बरीच वर्षं झाली होती, तरी रिपोर्ट आला १४ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलीटर. ५ किंवा त्याच्या वर आकडा आला की शिसं कुठून येतंय ते शोधा आणि ते थांबवा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि त्याच्या खाली सुरक्षित असंही काही नाही म्हणते.

तेव्हापासून मी या विषयावर मिळेल ते वाचतेय आणि जे वाचलं त्यानं माझी झोप उडालीय, म्हणून हे सगळं एका ठिकाणी लिहून काढतेय.

पहिली गोष्ट मला कळली ती म्हणजे बीपी, गाऊट आणि किडनी हे त्रिकूट वैद्यकाला नवीन नाहीच. लंडनचे डॉक्टर आल्फ्रेड गॅरड यांनी १८५९ च्या सुमारास लिहून ठेवलंय की त्यांच्या हॉस्पिटलातल्या गाऊटच्या पेशंटांत प्लंबर आणि रंगारी लक्षात येण्याइतके जास्त होते. म्हणजे शिशाचे पाइप जोडणारे आणि शिशाचा रंग लावणारे. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडमध्ये डॉक्टर लॉकहार्ट गिब्सन यांनी १९०४ मध्ये मांडलं की लहान मुलांना जी शिशाची विषबाधा होतेय ती व्हरांड्याच्या कठड्यांना दिलेल्या रंगामुळे होतेय, उन्हानं रंगाची पावडर होते, पोरं कठड्याला धरून खेळतात आणि बोटं तोंडात घालतात. त्यातली वाचलेली मुलं मोठी झाली, आणि १९२९ मध्ये तिथल्याच डॉक्टर नाय यांनी लक्षात आणून दिलं की क्वीन्सलँडमध्ये तरुण माणसं किडनीच्या जुनाट आजारानं अशी का मरतायत, तर याचं मूळ त्यांच्या लहानपणच्या शिशात आहे. मधे किती वर्षं गेली बघा. ज्या दिवशी पोरगं कठड्याला धरून उभं होतं आणि ज्या दिवशी त्याची किडनी गेली, त्या दोन दिवसांचा संबंध जोडणार कोण? घर बदललेलं, डॉक्टर बदललेला, आई पण कदाचित नसेल सांगायला.

हे असं होतं कारण शिसं शरीरात राहतं कुठं तर हाडात. रक्तात ते साधारण महिनाभराच्या हिशोबानं निम्मं होतं, पण मोठ्या माणसाच्या शरीरातलं नव्वद टक्क्यांहून जास्त शिसं हाडात असतं आणि तिथं दहा-वीस-तीस वर्षं मुक्काम करतं. शरीराला ते कॅल्शियम वाटतं. म्हणून कॅल्शियम जिथं जिथं जातं तिथं तिथं ते घुसतं, हाडात, नसांत, रक्तवाहिन्यांच्या भिंतीत. आणि हाड झिजायला लागलं की हे गोदाम उघडतं, गरोदरपणात, अंगावर पाजताना, पाळी गेल्यावर, म्हातारपणी, किंवा माणूस खूप दिवस अंथरुणाला खिळला की. दुकान बंद करून इतकी वर्षं झाली तरी मामाच्या रक्तात १४ कसं, त्याचं उत्तर हे. त्याचं दुकान त्याच्या हाडात अजून चालूच आहे असं मामीला सांगितलं तेव्हा ती गप्पच बसली. मग तिनं विचारलं, "आणि माझ्या?" कपडे तिनंच धुतलेत ना इतकी वर्षं.

किडनीत काय होतं, तर शिसं तिथल्या बारीक नळ्यांच्या पेशींना धरतं. त्या नळ्यांचं काम बिघडलं की युरिक ॲसिड नीट बाहेर पडत नाही, ते रक्तात साठतं आणि सांध्यात उतरतं, हा झाला गाऊट, म्हणजे सांधे सुजून दुखण्याचा आजार. त्याच वेळी रक्तवाहिन्या सैल पडायला जे नायट्रिक ऑक्साइड लागतं ते कमी होतं, बीपी चढतं. चढलेल्या बीपीनं किडनी आणखी खराब, खराब किडनीनं बीपी आणखी वर. डॉक्टर म्हणतात बीपीमुळे किडनी गेली. ते खोटं नाही. पण बीपी कशामुळे, हे विचारायचं राहून जातं.

आता एक आक्षेप आहे आणि तो खरंच महत्त्वाचा आहे. किडनी आधीच दुसऱ्या कशानं बिघडलेली असेल तर शिसं बाहेर पडायचंही कमी होणार, मग शिसं कारण नसून परिणाम असेल तर? हा प्रश्न न्यू जर्सीतले डॉक्टर बटुमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अंगावर घेतला. त्यांनी माजी सैनिकांना ईडीटीए नावाचं औषध दिलं, जे शिशाला धरून लघवीतून बाहेर आणतं, आणि किती शिसं बाहेर पडतंय ते मोजलं. १९८१ मध्ये गाऊटच्या पेशंटांबद्दल आणि १९८३ मध्ये बीपीच्या पेशंटांबद्दल त्यांनी छापलं की ज्यांची किडनी पण खराब होती त्यांच्यातून जास्त शिसं निघालं, आणि ज्यांची किडनी दुसऱ्या माहीत असलेल्या कारणानं खराब झालेली होती त्यांच्यातून तसं निघालं नाही. म्हणजे नुसती किडनी खराब झाली म्हणून शिसं साठलं, एवढंच उत्तर पुरत नाही. मला हा अभ्यास फार आवडला कारण त्यांनी आपल्याच म्हणण्यावर सगळ्यात अवघड शंका घेतली आणि मग ती तपासली.

बॅटरीवाले, रंगारी यांचं ठीक, त्यांच्या अंगात शिसं भरपूर जातं. पण साध्या माणसाचं काय? इथं खरी धक्का देणारी माहिती आहे. अमेरिकेत सरकार दर काही वर्षांनी हजारो लोकांच्या तब्येतीची पाहणी करतं, रक्त घेऊन ठेवतं. त्यातल्या १४,२८९ मोठ्या माणसांचा साधारण १९ वर्षं मागोवा घेऊन लॅनफिअर आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये लॅन्सेट पब्लिक हेल्थ या वैद्यकीय नियतकालिकात लिहिलं की रक्तातलं शिसं १ वरून ६.७ वर गेलेलं असलं तर हृदयविकारानं आणि रक्तवाहिन्यांच्या आजारानं मरण्याचं प्रमाण सत्तर टक्क्यांनी जास्त दिसतं. १ आणि ६.७. कामगारांसाठी तिथं जो जुना नियम आहे त्यात रक्तात ५० झालं की कामावरून बाजूला करा असं होतं! म्हणजे ज्या आकड्याला आपण "काही नाही, नॉर्मल" म्हणत होतो तिथंही हृदयावर खूण सापडतेय.

अर्थात हा निरीक्षणाचा अभ्यास आहे. शिसं जास्त असलेली माणसं बहुतेक वेळा गरीब असतात, जास्त सिगरेट ओढतात, हायवेच्या कडेला राहतात, त्यांची डॉक्टरशी गाठ उशिरा पडते. संशोधकांनी हे सगळं हिशोबात धरलेलं असतं पण पूर्ण धुऊन निघत नाही. म्हणून जगभरात शिशामुळे किती माणसं मरतात याचे अंदाज एकमेकांपासून खूप लांब आहेत, २०१९ या एकाच वर्षासाठी एक अंदाज साधारण ९ लाखांचा आणि लॅन्सेट प्लॅनेटरी हेल्थमध्ये २०२३ मध्ये आलेला दुसरा ५५ लाखांचा. मी यातला कुठला आकडा बरोबर यावर भांडणार नाही, पण लहान अंदाज धरला तरी ९ लाख माणसं आहेत ती. आणि अमेरिकन हार्ट असोसिएशननं २०२३ मध्ये अधिकृतपणे म्हटलंय की शिसं, कॅडमियम आणि आर्सेनिक हे हृदयविकाराशी जोडलेले धोके आहेत. एवढी मोठी संस्था म्हणतेय म्हणजे हे आता कुठल्यातरी कोपऱ्यातलं मत राहिलेलं नाही.

बाकीच्या दोघांबद्दल थोडक्यात सांगते. कॅडमियम किडनीत दहा ते तीस वर्षं राहतं, तंबाखूचं झाड ते जमिनीतून ओढून घेतं म्हणून सिगरेट-बिडी ओढणाऱ्याच्या अंगात ते न ओढणाऱ्यापेक्षा बरंच जास्त असतं, आणि जपानमध्ये जिन्झू नदीकाठच्या बायकांची हाडं खाणीच्या पाण्यावर पिकलेल्या भातामुळे इतकी ठिसूळ झाली की आजाराचं नावच "दुखतं, दुखतं" असं पडलं, इताई-इताई. आर्सेनिकचं उदाहरण मला चिलीचं सगळ्यात मोठं वाटतं. अँटोफगास्टा नावाच्या शहरात १९५८ ला नवीन नदीचं पाणी आणलं, त्यात आर्सेनिक प्रचंड, १९७० च्या सुमारास ते काढायचा प्लँट बसवला आणि पाणी सुधारलं. पण फुप्फुसाच्या आणि मूत्राशयाच्या कॅन्सरचे मृत्यू त्यानंतर वीसेक वर्षांनी शिखरावर गेले. पाणी स्वच्छ झालं होतं, माणसं मात्र त्या जुन्या पाण्यानंच मरत होती. आपल्याकडे पश्चिम बंगालमध्ये १९८३ पासून बोअरच्या पाण्याचं हेच माहीत आहे.

परत शिशाकडे येते, कारण ते आपल्या घरात, गल्लीत आहे. पेट्रोलमधलं शिसं आपल्याकडे २००० साली गेलं. म्हणजे माझ्या वयाच्या सगळ्यांनी, दादर नाहीतर स्वारगेटला बसची वाट बघत, लहानपणी ते हुंगलेलंच आहे. अमेरिकेत पेट्रोलमधून शिसं काढायला सुरुवात झाल्यावर माणसांच्या रक्तातली सरासरी सत्तरच्या दशकाच्या शेवटी साधारण १३ होती ती पुढच्या दहा-बारा वर्षांत ३ च्याही खाली आली. एका निर्णयानं अख्ख्या देशाचं रक्त बदललं! म्हणून मला हा विषय निराशेचा वाटतच नाही, साखर-बीपीसारखा जन्मभराचा झगडा नाहीये हा, हे बाहेरून येतं आणि बाहेरूनच थांबवता येतं.

पण पेट्रोल गेलं तरी बाकीचं राहिलंय. घरांना लावायच्या रंगात ९० पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा) जास्त शिसं नको असा नियम आपल्याकडे २०१६ मध्ये आला आणि २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाला, म्हणजे त्याआधी रंगवलेल्या जुन्या वाड्यांचे दरवाजे, खिडक्या, लोखंडी ग्रिल कोरड्या पॉलिशपेपरनं घासताना काय उडतं ते विचारात घ्यायला हवं. मारुतीला लावतात तो शेंदूर परंपरेनं शिशाचाच ऑक्साइड, प्रसादाला हात लावण्याआधी बोटांना लागलेला शेंदूर धुवायला हवा आणि लहान मुलांच्या कपाळाला लावूच नये असं माझं मत आहे, यात श्रद्धेला धक्का लागतो असं मला वाटत नाही. जुने खिळे म्हणजे छपाईची अक्षरं जुळवणारे आठवा, छापखान्यात उभं राहून दिवसभर शिशाच्या मिश्रणाचे खिळे बोटांनी वेचणारी माणसं, किती मराठी पुस्तकं, पंचांगं, लग्नपत्रिका त्यांच्या हातून गेल्या. टाइप ओतणाऱ्यांच्या अंगात तर वाफही गेली. ती पिढी आता सत्तर-ऐंशीची आहे, ज्यांच्या घरी असे आजोबा असतील आणि त्यांना बीपी-किडनीचं असेल त्यांनी हे डॉक्टरांच्या कानावर घालावं.

हळदीचं प्रकरण तर मला रागच आणतं. हळकुंडांना झगझगीत पिवळा रंग यावा म्हणून पॉलिश करताना लेड क्रोमेट घालतात, म्हणजे रंगाच्या कारखान्यातली शिशाची पावडर. बांगलादेशात संशोधकांनी हे पुराव्यानिशी २०१९ मध्ये मांडलं, मग तिथल्या अन्नसुरक्षा खात्यानं बाजारात धाडी घातल्या, व्यापाऱ्यांना दंड केले, लोकांना सांगितलं, आणि बाजारातल्या भेसळीच्या नमुन्यांचं प्रमाण ४७ टक्क्यांवरून २०२१ पर्यंत शून्यावर आलं. दोन वर्षांत! २०२४ मध्ये त्याच लोकांनी भारत, पाकिस्तान, नेपाळ, श्रीलंकेतल्या शहरांतली हळद तपासली तेव्हा सगळ्यात वाईट नमुने पाटण्यातले निघाले, हजार पीपीएमच्या वर शिसं. आमच्याकडे सांगलीची हळद ओळखीच्या शेतकऱ्याकडून घेतो आणि दळून आणतो. पण लक्षात ठेवा, रंग हळकुंडालाच लावतात, त्यामुळे नुसतं घरी दळलं म्हणजे सुटलो असं नाही. हळकुंड कुठून आलं ते महत्त्वाचं. ज्याला चकाकी नाही, जे मळकट दिसतं, ते घ्या.

आणि भस्मं. हे लिहिताना मला माहीत आहे की काहींना राग येईल, आमच्या घरात पण आयुर्वेदावर सगळ्यांचा जीव आहे, माझी आजी काढ्यांवर ९० वर्षं जगली. पण रसौषधींमध्ये, म्हणजे आयुर्वेदातल्या धातूंच्या औषधांमध्ये, नाग म्हणजे शिसं, आणि नागभस्म प्रमेहासाठी म्हणजे आपल्या भाषेत शुगरसाठी वर्षानुवर्षं दिलं जातं. डॉक्टर सेपर यांनी बॉस्टनच्या दुकानांतली ७० आयुर्वेदिक उत्पादनं तपासून २००४ मध्ये छापलं की त्यातल्या १४ मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक होतं. नीट शोधन-मारण केलं, म्हणजे धातू शुद्ध करून त्याचं भस्म केलं, की धातू बाधत नाही असं म्हणतात, पण रक्तातला आकडा वाढलेला असेल तर तो आकडा वैद्यांचं ऐकत नाही. वर्षभर पोटात कळा येतायत, बद्धकोष्ठ आहे, हिमोग्लोबिन पडलंय, एंडोस्कोपी नॉर्मल, आणि माणूस भस्माच्या पुड्या घेतोय, असं असेल तर आधी शिसं तपासा. काढे, चूर्ण, तेलं यांच्याबद्दल मी बोलत नाहीये, धातूंच्या औषधांबद्दल बोलतेय.

आता सगळ्यात जास्त कळकळीनं जे सांगायचंय ते. मामाचा रिपोर्ट नातेवाइकांत कळल्यावर पहिला फोन आला तो "डिटॉक्स" करून घेण्याचा. दुसरा आला चिलेशनचा, सलाइनमधून ईडीटीए देतात, हृदयाचे ब्लॉकेज पण जातात म्हणे, बायपास टळते, पॅकेज आहे. यावर सगळ्यात नीट अभ्यास झालेला आहे. अमेरिकेत पहिली चाचणी २०१३ मध्ये छापली, हार्ट अटॅक येऊन गेलेल्या १,७०८ लोकांवर, आणि त्यात, विशेषतः डायबेटिस असलेल्यांत, थोडा फायदा दिसला. सगळ्यांना आश्चर्य वाटलं. म्हणून परत दुसरी चाचणी केली, यावेळी फक्त डायबेटिसवाले, साधारण हजार जण, आठवड्याला एक अशी ४० सलाइनं. २०२४ मध्ये निकाल आला: रक्तातलं शिसं ६१ टक्क्यांनी उतरलं, पण हार्ट अटॅक, स्ट्रोक, मृत्यू यांत काही फरक पडला नाही. हे वाचून मला वाईट वाटलं खरं, मामासाठी मलाही ते चालावं असं वाटत होतं. पण नाही चाललं. निदान असं दिसतंय की अंगात थोडं शिसं असलेल्या, नुकसान होऊन गेलेल्या माणसाच्या रक्तातून ते उपसलं म्हणून झालेलं नुकसान उलटत नाही. शिवाय ईडीटीएचे दोन प्रकार आहेत, चुकीचा दिला तर रक्तातलं कॅल्शियम एकदम पडतं, आणि अमेरिकेत २००३ ते २००५ या काळात अशानं तीन माणसं गेली, त्यात एक पाच वर्षांचा मुलगा होता. रक्तात शिसं खूप जास्त असेल तेव्हा चिलेशन लागतं, जीव वाचवतं, पण ते हॉस्पिटलात, शिशाचा सोर्स बंद करून, डॉक्टरांच्या नजरेखाली. पॅकेजमध्ये नाही.

तसंच तपासणीचं. केसांची तपासणी करून धातू सांगणारे आहेत, त्यावर विसंबू नका, केसाला बाहेरची धूळही चिकटते. आधी औषध देऊन मग लघवी तपासायची आणि "बघा किती निघालं" म्हणत औषध न घेतलेल्यांच्या आकड्याशी तुलना करायची, ही तर सरळ फसवणूक आहे, कारण ते औषध दिल्यावर कोणाच्याही लघवीत आकडा वाढतोच. साधी गोष्ट, शिरेतून रक्त, धातूरहित ट्यूबमध्ये, रक्तातलं शिसं असं लिहून. बहुतेक लॅब नमुना मोठ्या शहरात पाठवतात, तीन-चार दिवस लागतात. आणि हेही खरं की जुनं शिसं हाडात असल्यामुळे आज रक्तात कमी आलं म्हणून पूर्वी कधी गेलंच नाही असं होत नाही. म्हणून रिपोर्टच्या आकड्याइतकीच माणसाच्या कामाची गोष्ट महत्त्वाची, कुठल्या वर्षापासून कुठल्या वर्षापर्यंत, बॅटरी खोलायचा का, शिसं वितळवायचा का, मास्क होता का, कपडे कुठं धुतले जायचे.

मामाची किडनी शिशानंच गेली असं मी म्हणत नाही, एका माणसाच्या बाबतीत ते कोणी सांगू शकत नाही. बीपी लाखो लोकांना शिशाशिवाय होतं. पण त्या तीन आजारांच्या तीन फाइलींमधून एक साधा धागा जात होता आणि तो कोणी ओढून बघितला नव्हता, एवढं मात्र मी म्हणते. आधी कळलं असतं तर बीपीच्या गोळ्यांबरोबर झाडू बंद करून ओल्या फडक्यानं पुसायला लावलं असतं, डबा दुकानाबाहेर खायला लावला असता, कपडे वेगळे ठेवले असते, आणि घरातल्या बायकापोरांचं लोह तपासलं असतं, कारण अंगात लोह कमी असलं की शिसं जास्त शोषलं जातं, आणि लहान मुलं तर गिळलेल्यातलं जवळजवळ निम्मं शोषतात जिथं मोठा माणूस दहावा हिस्सा. आपल्याकडे निम्म्याहून जास्त बायका ॲनिमिक. ही दोन संकटं एकाच घरात राहतात.

कायदा काय म्हणतो तेही वाचलं. २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९४८ च्या फॅक्टरी ॲक्टच्या तिसऱ्या परिशिष्टात, म्हणजे सरकारला कळवायलाच पाहिजेत अशा कामाच्या आजारांच्या यादीत, पहिलाच नंबर शिशाच्या विषबाधेचा होता. पहिलाच! पण फॅक्टरी म्हणजे काय, तर मामाच्या दुकानाच्या काळात विजेवर चालत असेल तर दहा कामगार, नसेल तर वीस. मामाच्या दुकानात मामा आणि एक पोरगा. म्हणजे ज्या दुकानांत ना एक्झॉस्ट फॅन, ना मास्क, ना तपासणी, तीच कायद्याच्या बाहेर. जुन्या बॅटऱ्या कोणी गोळा करायच्या याचे नियम २००१ पासून आहेत, २०२२ मध्ये नवीन आले, तरी भंगारात गेलेली बॅटरी कुठंतरी शेताच्या कडेला फोडली जाते, ॲसिड ओढ्यात सोडतात आणि शिशाची पाटी ओतून विकतात. मला वाटतं सरकारी आरोग्य केंद्रात जसं हिमोग्लोबिन, साखर बघतात तसं बॅटरी, भंगार, रंगकाम, रेडिएटर रिपेअर या लोकांचं रक्तातलं शिसं वर्षातून एकदा फुकट बघायला काय हरकत आहे. तपासणी महाग आहे म्हणतात, डायलिसिसपेक्षा स्वस्तच असेल.

मामाचं क्रिएटिनिन सध्या जिथं आहे तिथं थांबलंय, बीपी काबूत आहे, गाऊटच्या गोळ्या त्याच्या किडनीला झेपतील अशा बेतानं नेफ्रॉलॉजिस्टनी बसवल्यात. मामीचं रक्त पण तपासलं, ६ आलं. ती पन्नाशी ओलांडलेली आहे, हाडांची डेन्सिटी बघायची आहे आणि कॅल्शियम सुरू केलंय.

राहिला तो पोरगा. तो आता पोरगा नाही, त्याचं स्वतःचं दुकान आहे, बायपासला. मी मुद्दाम गेले होते. बॅटरी तो आता खोलत नाही म्हणाला, एक्सचेंजच चालतं, पण टर्मिनल तुटलं तर अजून ओततो, मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये, आणि शेडला लागूनच त्याचं घर आहे. मी त्याला सगळं सांगितलं, तो ऐकत होता, मधेच उठून बीपीची गोळी दाखवली, त्याला पण सुरू झालीय. त्याचं, त्याच्या बायकोचं आणि दोन्ही मुलांचं रक्त या सोमवारी द्यायचं ठरलंय, धाकटी चार वर्षांची आहे, आणि शेडमधलं ओतकाम त्यानं तोपर्यंत बंद ठेवलंय.